थेट तिसऱ्या वर्षाला

रेवा आणि ईशान,

हा मजकूर दिवाळी अंकात छापून येणार आहे, पण लिहिते आहे तुम्हा दोघांना. संपादकबाईंनी नोकरीतले अनुभव मागितले, तेव्हा मी म्हटलं, माझी नोकरी आकड्यांची होती, त्यात फराळाबरोबर वाचण्यासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, "मग नातवंडांना सांगताय असं समजून लिहा. निदान कंटाळवाणं तरी होणार नाही." पुण्यात याला प्रोत्साहन म्हणतात.

रेवा, तू मराठी वाचताना ओळीखाली बोट धरतेस, म्हणून वाक्यं लहान ठेवते. ईशानला बाबा वाचून दाखवील. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

मागे फोनवर तू विचारलंस, "आजी, तू विद्यापीठात शिकवायचीस ना?" मी म्हटलं, "नाही, मोजायचे." "काय?" "मुलं." तू खूप हसलीस. तुला वाटलं असणार, आजी फाटकात उभी राहून एक, दोन, तीन करते. अगदीच चूक नाही तुझं. फक्त फाटक मोठं होतं आणि मुलं आत शिरताना नाही, बाहेर पडताना मोजायची होती.

काम असं. दरवर्षी पहिल्या वर्षाला मुलं येतात. एका वर्षी एकत्र आलेल्या मुलांची आम्ही एक तुकडी धरायचो आणि तिच्या मागे लागायचो. दुसऱ्या वर्षाला यातली किती परत आली? पदवी किती जणांनी घेतली, वेळेत की रखडत? आणि पदवी घेऊन पुढे काय केलं? एवढे तीनच प्रश्न. प्रवेशाच्या दिवशी किती गर्दी होती हे कुणीही अभिमानाने सांगतं. शेवटी किती उरले हे विचारलं की विभागप्रमुखांना अचानक दुसरी बैठक आठवते.

या कामात एक नियम फार कडक असतो. तुकडी एकदा धरली की तिच्यात नंतर कुणाला घालायचं नाही आणि तिच्यातून कुणाला काढायचं नाही. मध्येच दुसरीकडून येऊन जो वरच्या वर्गात बसतो, त्याला आम्ही 'थेट प्रवेश' म्हणायचो आणि तुकडीच्या हिशेबाबाहेर ठेवायचो. हा नियम नसता तर कुठलाही विभाग गेलेल्यांच्या जागी नवे बसवून वर्ग भरलेला दाखवू शकला असता. तसं करून बघणारे मला भेटले आहेत. एकजण तर म्हणाले, "बाई, खुर्ची रिकामी नाही ना? मग झालं!"

सगळ्यांत मजेचं काम तिसऱ्या प्रश्नाचं. पदवी घेतलेली मुलं काय करतात हे कळण्यासाठी फोन करावे लागत. मुलाने नंबर बदललेला असायचा, मग घरच्या नंबरावर आई भेटायची.

"नमस्कार, विद्यापीठातून बोलते आहे. आपले चिरंजीव सध्या काय करतात?"

"कंपनीत आहे. हिंजवडीला."

"कायम आहेत की कंत्राटावर?"

"कायम, कायम."

"पगार साधारण किती, सांगू शकाल?"

इथे आवाज एकदम मऊ व्हायचा. "आपण कुठून म्हणालात? आणि मुलगी काय करते आपली?"

नोकरी कायम आहे का आणि पगार किती, हे प्रश्न आपल्याकडे एकाच कामासाठी विचारतात. एका माउलीने मी न विचारता सांगितलं, "चष्मा आहे त्याला, पण नंबर अगदी कमी आहे. खोटं कशाला बोलायचं." मी पुन्हा विद्यापीठाचं नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो हो, असू दे. पत्रिका पाठवू ना?" पुढे मी पगार विचारणंच सोडलं. मिळालेला आकडा पगाराचा आहे की स्थळासाठी फुगवलेला, हे कळायला मार्ग नव्हता.

दुसरी अडचण शब्दांची होती. आमच्या तक्त्यात रकाने तीन: नोकरी, पुढील शिक्षण, बेकार. विदर्भातून आलेला एक मुलगा सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. तो म्हणाला, "मॅडम, बेकार नका लिहू. पहाटेपासून अभ्यासिकेत बसतो मी."

"मग काय लिहू?"

"तयारी."

मी 'तयारीत' असा चौथा रकाना केला. वरून विचारणा आली, की हा काय प्रकार, ही अवस्था नोकरीची की बेकारीची? मी उत्तर लिहिलं, पुण्याची. ते उत्तर खोडून परत आलं, पण रकाना राहिला. पुढे तो इतर सगळ्या रकान्यांपेक्षा वेगाने भरत गेला आणि मला त्याचा आनंद वाटेनासा झाला.

आता मुख्य गोष्ट. ती सकाळच्या तुकडीची आहे.

पुण्याच्या कडेला, मांजरी गावात, विद्यापीठाचं एक छोटं उपकेंद्र होतं. एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे. तिथे फक्त मुलींसाठी सकाळचा पदवीचा वर्ग चालायचा. संगणक आणि संख्याशास्त्र. लवकर भरून दुपारच्या आत सुटायचा, म्हणजे मुलींना घरचं, दुकानाचं, एखाद्या अर्धवेळ नोकरीचं काम सांभाळून येता यायचं. फी थोडी. आसपासच्या गावांतल्या मुलींना पुण्यात यायचं तर दोन बसगाड्या बदलायला लागत, आणि दोन बसगाड्या म्हणजे बऱ्याच घरांत शिक्षण बंद. हा वर्ग गेला असता तर त्या मुलींना जवळ दुसरं काही नव्हतं.

आणि तो जायच्या बेतात होता. कारण मी होते, म्हणजे माझा तक्ता होता. सकाळच्या तुकडीत जितक्या मुली यायच्या त्यातल्या अर्ध्याही पदवीपर्यंत दिसत नव्हत्या. दुसऱ्या वर्षानंतर तर तुकडी कोसळायची. सरकारी मराठीत याला 'गळती' म्हणतात. आमचे उपकुलसचिव आपटे, कोरडे आणि नेमकं बोलणारे गृहस्थ, त्यांनी तक्ता बघून एवढंच म्हटलं, "बाई, एवढ्या गळतीला प्लंबर बोलावतात. आपण समिती बोलावू." समितीपुढे प्रस्ताव गेला: सकाळचा वर्ग नव्या वर्षापासून बंद करावा आणि खोल्या भरपूर फी असलेल्या एका नव्या अभ्यासक्रमाला द्याव्यात. बैठकीला थोडे आठवडे होते.

दोन दिवसांनी सुजाता गायकवाड माझ्या खोलीत आली. सकाळच्या वर्गाची समन्वयक म्हणून तिला वर्षही झालं नव्हतं. आधीच्या बाई निवृत्त झाल्यावर तिच्याकडे काम आलं होतं. खडकीची मुलगी. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, घरातली पहिली प्राध्यापक. पहाटे स्कूटरवरून खडकीहून मांजरीला जायची आणि कधी उशीर करायची नाही. तिने माझ्या टेबलावर तक्ता ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"मॅडम, तुमच्या या कागदावर माझं तिसरं वर्ष जवळजवळ रिकामं आहे."

"हो."

"मी रोज शिकवते त्या वर्गाला. मागे उभं राहायला जागा नसते. मग मी कुणाला शिकवते? भुतांना?"

मी यादी काढून तिला दाखवली. "यातल्या बऱ्याच थेट प्रवेशाच्या आहेत. एकदम तिसऱ्या वर्षाला आल्या. त्या आपल्या तुकडीच्या नाहीत, म्हणून मोजलेल्या नाहीत."

"थेट म्हणजे कुठून? आभाळातून?"

"दुसऱ्या महाविद्यालयांतून असतील."

"मांजरीत दुसरं महाविद्यालय आहे का मॅडम? आणि सकाळी अंघोळ करून डबा भरून थेट तिसऱ्या वर्षाला कोण येतं?"

तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझा नियमही बरोबर होता. मी नियमाच्या बाजूने राहिले. ती जाताना म्हणाली, "तुम्ही एकदा फोन करून बघा. दुसऱ्या लोकांना करता ना, पगार विचारायला?"

टोमणा होता, पण सल्लाही होता. एरवी आम्ही पदवी घेतलेल्यांना फोन करत असू. सोडून गेलेल्यांना कुणी करत नसे. त्यांना विचारणार काय, असं वाटायचं. मी ठरवलं, सकाळच्या तुकडीतल्या गेलेल्या प्रत्येक मुलीला फोन करायचा.

पहिले काही फोन जसे जायला हवे होते तसेच गेले. नंबर बंद. नंबर दुसऱ्याचा. एका मुलीने सांगितलं, "मॅडम, मला संगणक आवडलाच नाही. मी पार्लरचा कोर्स केला, आता माझं स्वतःचं आहे. तुम्ही या ना." आम्ही मोजणारे लोक मोठमोठी कारणं शोधत असतो. तिला नुसतं नको होतं.

मग पल्लवी काळे नावाच्या मुलीच्या घरी फोन लागला. नोंदीप्रमाणे ती दुसरं वर्ष करून गळालेली. आईने उचलला.

"पल्लवी? ती आता हितं नसती. सासरी असती."

"बरं. म्हणजे लग्नामुळे शिक्षण सोडलं तिने?"

"सोडलं कुठं?" आई जरा घुश्शात म्हणाली. "येक वरीस थांबली, बाळ झालं, मग परत गेली. पास झाली की! पेढे वाटलं आमी आख्ख्या आळीत. तुमी विद्यापीठाच्या ना? मग तुमाला म्हाईत न्हाई?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी पास झालेल्यांच्या याद्या पुन्हा पाहिल्या. पल्लवी काळे कुठेच नव्हती. वाटलं, मुलीने आईला थाप मारली असेल. तसंही होतं. आईकडून मुलीचा नंबर घेतला आणि लावला. मागे गाडीचे आवाज होते. ती कंपनीच्या बसमध्ये होती, हिंजवडीच्या वाटेवर, आणि हिंजवडीच्या वाटेवर बस उभी असते तेव्हा बोलायला भरपूर वेळ मिळतो.

"पल्लवी काळे का?"

"हो... म्हणजे होते. आता ईश्वरी. ईश्वरी सागर शितोळे."

रेवा, तुला हे समजावून सांगायला हवं. आपल्याकडे मुलाचं किंवा मुलीचं पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मुलीचं लग्न झालं की वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि आडनाव सासरचं होतं. काही घरांत अजून लग्नात तिचं पहिलं नावही बदलतात. नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि संध्याकाळपर्यंत माणूस तोच, नाव पूर्ण वेगळं.

"मग तुम्ही परत प्रवेश घेतला तेव्हा?" मी विचारलं.

"खिडकीवर म्हणाले, आधारवर जे नाव आहे तेच अर्जावर पाहिजे. आधार तर बदललं होतं. मी जुनी गुणपत्रिका आणि लग्नाचा दाखला जोडला. ते म्हणाले, जुना नोंदणी नंबर या नावाने उघडत नाही, नवीन घ्या. घेतला."

"आणि कुणी विचारलं नाही, की तुम्ही पूर्वीच्याच?"

"विचारलं ना. म्हणाले, तिसऱ्या वर्षाला थेट का?" ती हसली. "मॅडम, मी काही लपवलं नाही हं. कंपनीला कळलं तर काही अडचण येणार नाही ना?"

मी म्हटलं, नाही, तुमची पदवी खरी आहे, अडचण आमची आहे. मग मी तिला विचारलं, की तुमच्यासारख्या अजून असतील, त्यांना मी ओळखायचं कसं? नाव बदललं, आडनाव बदललं, नंबर बदलला.

बसमध्ये कुणीतरी मोठ्याने तिला काही विचारलं. तिने त्याला थांब म्हटलं आणि मला सहज म्हणाली, "आईचं नाव बघा ना. सगळं बदललं मॅडम, आई तेवढी तीच आहे."

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं. वडिलांचं नाव पुसलं जातं, स्वतःचं पुसलं जातं, पण आईच्या नावाला कुणी हात लावत नाही. कारण लग्नात ते कुणाच्या कामाचं नसतं.

फोन ठेवला. आमच्या मजल्यावर आम्ही जितक्या बायका कामाला होतो, त्या सगळ्यांची पदवी एका नावाची आणि पगारपत्रक दुसऱ्या नावाचं होतं. माझंही. रोज अशा दोन-दोन नावांच्या बायका मिळून मुलींच्या याद्या नावावरून जुळवत होत्या. हसावं की काय करावं, कळेना. शेवटी उठून चहा करून आणला.

मग काम सोपं होतं, फक्त लांबलचक होतं. एका बाजूला सुरू करून न संपवलेल्या मुली. दुसऱ्या बाजूला सुरू न करताच संपवलेल्या, त्या थेट प्रवेशाच्या. आईचं नाव आणि जन्मतारीख लावून दोन्ही बाजू एकमेकींसमोर ठेवल्या. त्या भागात मुलींच्या आया बहुतेक संगीता, सुनीता नाहीतर मंगल. त्यामुळे नुसत्या नावावर भागत नव्हतं. जिथे जुळलं तिथे फोन करून खात्री केली. सुजाता मांजरीहून सुटली की तशीच माझ्याकडे यायची, डबा उघडायची आणि फोन लावायला बसायची. एखादी मुलगी जुळली की मला जोरात सांगायची, "ताई, ही पण जिवंत!" मॅडमची ताई कधी झाले ते कळलं नाही.

पण सगळ्या जिवंत निघाल्या नाहीत. म्हणजे जिवंत होत्या, पदवीपर्यंत आल्या नव्हत्या. त्यातली एक मला अजून आठवते. ती एवढीच म्हणाली, की सकाळची बस बंद झाली आणि मग यायला जमेना. मी विचारलं, कॉलेजला सांगितलं होतं का? तर म्हणाली, "नाही. मी वाट बघितली थोडे दिवस. वाटलं, कुणीतरी फोन करून विचारेल, का येत नाहीस." मग म्हणाली, "आता केलात ना तुम्ही. बरं वाटलं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आमच्या विद्येचं दुखणंच हे आहे. माणूस गेला हे आम्हाला नेमकं कळतं, पण तो फार लांब गेल्यावर.

बैठकीच्या आधी सुजाताचं आणि माझं भांडण झालं. नवा तक्ता तयार होता. तुकडी आता कोसळत नव्हती, पण पूर्ण उभीही नव्हती. सुजाता म्हणाली, "ताई, पहिल्या महिन्यातच गेलेल्या आहेत ना, त्या काढून टाका. त्या आल्याच नाहीत म्हणा. आकडा अजून छान दिसेल."

"तुकडीतून कुणाला काढायचं नाही."

"तुमचा नियम! या नियमानेच माझा वर्ग बंद होत होता."

"नियमाने नाही. नावाने."

"अहो ताई, तिथे समोर आपटे साहेब बसणार आहेत. त्यांना उरलेली गळती दिसली तर ते तीच धरून बसतील. त्या मुली कुठे जाणार मग? मी त्यांच्या घरी जाऊन सांगू का, की तुमचा वर्ग गेला पण तक्ता स्वच्छ होता?"

तिचे डोळे भरले होते. मला ती खोटी वाटली नाही. वर्ग वाचवायला निघालेली बाई अशीच बोलणार. पण मी त्या मुलींना काढल्या नाहीत. मी तिला म्हटलं, "आज आपण या काढल्या, तर उद्या दुसरं कुणी दुसऱ्या काढील. मग तुझ्या मुली आहेत हे मी सांगितलं तरी कुणी का मानावं?" ती डबा उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

बैठकीला मात्र आली. माझ्यापासून लांबच्या खुर्चीवर बसली.

मी जे झालं ते सरळ सांगितलं. नाव, आधार, नवा नंबर, आईचं नाव. अध्यक्ष विज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा काढला आणि हसत म्हणाले, "म्हणजे आपण वर्षानुवर्षं आपल्याच मुलींना परकं समजत होतो?"

आपटे म्हणाले, "सर, लग्नानंतर मुलगी परक्याचीच समजतात आपल्याकडे. विद्यापीठाने परंपरा पाळली." मग तक्ता उलटून म्हणाले, "पण बाई, गळती आहेच की अजून."

"आहे."

"म्हणजे प्रस्ताव तसा चुकीचा नव्हता."

सुजाताने माझ्याकडे बघितलं. ती बोलणार होती, पण मी आधी बोलले. "मुख्य आवारातल्या दुपारच्या मुलांच्या तुकड्या मी याच रीतीने मोजल्या आहेत. शेवटचं पान बघा. त्यांची गळती एवढीच आहे. काही ठिकाणी जास्त आहे. त्या बंद करायचा प्रस्ताव कधी आणायचा, ते सांगा. तक्ता तयार आहे."

चहा आला. आपटे साहेबांनी शेवटचं पान दोनदा वाचलं, आणि त्यांच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी: आकडा नीट असला तर ते त्याच्याशी भांडत नसत. ते म्हणाले, "यंदा जी नवी तुकडी येईल तिच्यासाठी वर्ग चालू ठेवू. ती शेवटपर्यंत गेली की पुन्हा बघू. आणि खिडकीवर सांगा, जुना नंबर उघडत नसेल तर विद्यार्थिनीला नवी करू नका, आम्हाला फोन करा."

अध्यक्षांनी तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर सुजाता माझ्या शेजारून चालत होती. पायऱ्या उतरून झाल्यावर म्हणाली, "ते शेवटचं पान मला आधी दाखवायचं होतं ना."

"तू डबा घेऊन गेलीस."

"फोन करायचा मग," ती म्हणाली, आणि दोघी हसलो.

म्हणजे वर्ग वाचला, पण एका तुकडीपुरता. ती तुकडी टिकली तर वर्ग टिकणार. आणि ती पदवीपर्यंत जाईल तेव्हा मी नोकरीत नसणार होते. निवृत्ती जवळ आली होती.

आमच्या कामात मुलांना प्रत्यक्ष बघायची गरज नसते. इतक्या वर्षांत मी कुठल्याही तुकडीचा पहिला दिवस पाहिला नव्हता. त्या वर्षी पाहायला गेले. पहाटे रिक्षा करून मांजरीला पोचले. मुली येत होत्या. कुणी भावाच्या गाडीवरून, कुणी चालत, एक सायकलवर, तिची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून कमरेला गच्च खोचलेली. सुजाता दारात उभी राहून प्रत्येकीला नाव विचारत होती, आणि ऐकल्यावर तेच नाव पुन्हा म्हणून दाखवत होती. मग तास सुरू झाला आणि दार लागलं.

बाहेर पायरीवर एक बाई बसल्या होत्या. नऊवारी पातळ, कपाळावर ठळक कुंकू, मांडीवर काही महिन्यांचं बाळ. बाळ झोपायच्या बेतात होतं. मी जवळ उभी राहिले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"तुमी मास्तरीण हाय का?"

"नाही. मी विद्यापीठाच्या कचेरीत असते."

"मंग हितं कशाला आलात?"

"मुली मोजायला. किती आल्या आणि किती शेवटपर्यंत राहतात, ते बघायला."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "माझी सून हाय त्यात. बारावी होऊन घरातच व्हती. म्हटलं जा, पोराला मी बघते." बाळ हललं, त्यांनी त्याला थोपटलं. "मधी येखादं वरीस घरात अडकली तर नाव काढता का तुमी?"

"नाही काढणार."

"परत येईल ती. पर टायम लागंल."

"लागू दे. आम्हाला शेवटपर्यंत बघायचंच आहे."

माझ्या निवृत्तीचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजी लई थांबावं लागंल तुमाला."

"हो."

त्यांनी बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं, पदराने शेजारची पायरी झटकली आणि थोडं सरकून म्हणाल्या, "बसा की मंग."